लेफ्ट विंगवर कोण खेळणार? नागपुरातल्या एका फुटबॉल संघाचं प्रकरण

मुलींच्या एका फुटबॉल सामन्यात वांशिक शेरेबाजी झाली. संघाने पुढच्या सामन्यात मैदानावरच निषेध करायचं ठरवलं, आयोजकांनी नियमावली पुढे केली आणि त्यानंतर सगळी चर्चा ‘निषेध चालतो की नाही’ याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. कॉलेजने नेमलेल्या चौकशी समितीत मी बाहेरची सदस्य होते, त्यामुळे कागद वाचायला मिळाले आणि बहुतेकांशी बोलता आलं. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४. नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवायचे, चौकाचौकात बॅरिकेड, बाहेरगावहून आलेला पोलिसांचा बंदोबस्त. आंदोलन या गोष्टीची या शहराला सवय आहे. फक्त ते कुठे आणि किती वाजेपर्यंत करायचं हे पोलिसांनी ठरवून दिलेलं असतं. आयोजकांच्या डोक्यात हेच चित्र होतं, हे पुढे लक्षात येईल.

पश्चिम नागपुरातल्या एका मैदानावर खासगी क्रीडा मंडळाने मुलींची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवली होती. आपल्या, म्हणजे या कॉलेजच्या, संघात कामठीच्या, काटोलकडच्या, इंदोऱ्यातल्या मुली होत्या. त्यांच्यासोबत ईशान्येकडून क्रीडा कोट्यातून आलेल्या दोघी होत्या, एक गोलकीपर आणि एक लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने आक्रमण करणारी. विंगर अनुसूचित जमातीची, नागपुरात दुसरं वर्ष. मराठी समजायची, पण बोलायची हिंदीत, अस्सल नागपुरी हिंदीत.

सेमीफायनल

विंगरचा सगळा खेळ टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून चालतो. पहिल्या हाफमध्ये ती आपल्याच बेंचसमोर धावत होती. हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या आणि ती पलीकडे, प्रेक्षकांच्या रेलिंगजवळ आली. तिथे सात-आठ पोट्ट्यांचा घोळका होता. ‘ए मोमो’, ‘चिंकी, इधर देख’, ‘वापस जा नेपाल’. बॉल तिच्याकडे आला की आवाज चढायचा. तिने लाइन्समनला सांगितलं. तो म्हणाला, खेळावर लक्ष दे. थोड्या वेळाने बॉल बाहेर गेला तेव्हा तिने तो उचलला आणि थ्रो न करता रेलिंगवर जोरात हाणला. रेफरीने पिवळं कार्ड काढलं.

समितीसमोर आलेल्या सामन्याच्या अहवालात त्या हाफबद्दल एवढंच आहे: ‘जर्सी ११, पिवळं कार्ड, अखिलाडू वर्तन.’ शेऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. हा कागद फक्त वाचणाऱ्याला त्या दिवशी मैदानावर एकच गैरवर्तन झालं, आणि ते तिने केलं, असंच वाटेल.

कार्ड मिळाल्यावर कोचने तिला राइट विंगला हलवलं. त्यांचा हेतू चांगला होता. आणखी एक पिवळं कार्ड मिळालं असतं तर ती बाहेर गेली असती, आणि त्या घोळक्यापासून तिला लांबही न्यायचं होतं. पण डाव्या पायाची खेळाडू उजवीकडे गेली आणि तिचा खेळ तिथेच संपला. संघ पेनल्टी शूटआउटवर जिंकला. सगळ्या मुली नाचत होत्या, ती बूट काढून बसली होती.

हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. शिव्या देणारे होते तिथेच राहिले, जिला दिल्या तिची जागा बदलली. कोणालाही तो निर्णय वाटला नाही, साधा टॅक्टिकल बदल वाटला. सिडनीला जानेवारी २०२१ च्या कसोटीत सीमारेषेवरच्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शेरे आले. कर्णधार रहाणेने पंचांना कळवलं, खेळ जवळपास दहा मिनिटं थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. सिराज मैदानावरच राहिला. नागपूरच्या त्या मैदानावर कॅमेरे नव्हते, सुरक्षारक्षक नव्हते हे मान्य. पण रेफरीकडे शिट्टी होती आणि मंडळाकडे माइक होता.

मुलींचा प्रस्ताव आणि मंडळाचं कलम

रात्री संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्णधाराने लिहिलं की फायनलच्या आधी आपण सगळ्यांनी वंशभेदाचा मूक निषेध म्हणून एक गुडघा जमिनीला टेकायचा. ही मुलगी इंदोऱ्याची. १९५६ च्या धम्मदीक्षेला तिचे आजोबा दीक्षाभूमीवर होते. जातीवरून बोललेलं ऐकलं की ‘जाऊ दे ना’ म्हणायचं नाही, हे तिला घरातूनच मिळालेलं. गुडघ्याची कल्पना मात्र तिने टीव्हीवरून घेतली होती. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय क्रिकेट संघाने गुडघा टेकला होता, तो फोटो तिने ग्रुपवर टाकला.

शारीरिक शिक्षण संचालक मॅडमना वाटलं, ऐन वेळी गोंधळ नको म्हणून मंडळाला आधी सांगावं. त्यांनी सचिवांना फोन केला. तासाभरात सचिवांकडून नियमावलीचं एक पान मोबाइलवर आलं, एका कलमावर लाल पेनाने गोल केलेला: मैदानावर कोणत्याही प्रकारचं राजकीय, धार्मिक किंवा सामाजिक प्रदर्शन केल्यास संघ बाद. फोनवर ते म्हणाले, ‘मॅडम, पोट्टे आहेत, बोलतात. तुम्ही काऊन एवढं मनावर घेता? आंदोलन करायचं तर संविधान चौक आहे. उद्या आमदार साहेब येऊन राहिले पाहुणे म्हणून, कायले लफडा?’

शेऱ्यांबद्दल मात्र नियमावलीत कलमच नव्हतं. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. टी-शर्ट आत खोचण्याबद्दल आहे, पाण्याच्या बाटल्यांबद्दल आहे, प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल काही नाही.

तसं पाहिलं तर हे कलम बाहेरून उचललेलं आहे. ऑलिम्पिक सनदेचा नियम ५० हेच म्हणतो: कुठल्याही ऑलिम्पिक स्थळी राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचार किंवा प्रदर्शन नको. १९६८ ला मेक्सिको सिटीत २०० मीटरच्या पदकमंचावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, तर त्यांना संघातून काढून घरी पाठवलं. पण नियम ५० ची ताकीद देणाऱ्यांच्या गावी नसतं की जुलै २०२१ मध्ये, टोकियोच्या तोंडावर, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्वतःच त्याला फट पाडली. पदकमंचावर अजूनही मनाई, पण स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानावर खेळाडूला आपलं मत हावभावातून दाखवता येईल, अट एवढीच की त्याचा रोख कोणत्या देशावर, व्यक्तीवर किंवा संघटनेवर नसावा आणि कोणाच्या तयारीत व्यत्यय येऊ नये. त्याच स्पर्धेत महिला फुटबॉलच्या पहिल्याच दिवशी ब्रिटन आणि चिली या दोन्ही संघांनी सामन्याआधी गुडघा टेकला. म्हणजे ज्या नियमाची नक्कल मंडळाने केली होती त्यात दुरुस्ती होऊन तीन वर्षं झाली होती. नागपुरात जुनीच झेरॉक्स चालू होती.

समोरचे पर्याय

फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या जिमखान्यात बैठक झाली. कोच, संचालक मॅडम, कर्णधार आणि सहा-सात मुली. विंगर नव्हती. तिला बरं वाटत नाही असं सांगितलं गेलं. खरं म्हणजे तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

पोलिसांत जाणं हा पर्याय सगळ्यात आधी बाजूला पडला, तोही चुकीच्या समजुतीवर. एक जण म्हणाले, तिची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, इथे ॲट्रॉसिटी लागत नाही. आरक्षणाच्या सवलतींचा हिशोब राज्यापुरता असतो, त्यामुळे ही समजूत बऱ्याच जणांची असते. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण माणसासोबत देशभर फिरतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्येच सांगितलं आहे. ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या लोकांना वंशावरून हिणवलं तर हा कायदा लावावा, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. तेव्हा दार बंद नव्हतं. बैठकीत ते बंद आहे असं धरून पुढे गेले.

सामन्यावर बहिष्कार हा पर्याय कोचनेच मांडला आणि स्वतःच मागे घेतला. या मातीत त्याला जुना दाखला आहे. १९२० मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत कर्णधारपदाच्या वेळी जात आडवी आली म्हणून पळवणकर विठ्ठल आणि शिवराम हे भाऊ हिंदू संघातून बाहेर पडले; १९२३ ला विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. पण त्यांच्यावाचून संघाचं अडत होतं. क्रीडा कोट्यातल्या मुलीवाचून कोणाचं अडतं? फायनल सोडली असती तर प्रमाणपत्रं गेली असती, आणि त्यांवर दोघींचं पुढच्या वर्षीचं वसतिगृह शुल्क अवलंबून होतं.

खरी खडाजंगी राष्ट्रगीतावरून झाली. दोघी-तिघींचं म्हणणं, राष्ट्रगीत चालू असतानाच गुडघा टेकू, म्हणजे सगळ्यांचं लक्ष जाईल. मॅडमनी इथे ठाम नकार दिला, आणि तो नकार मला पटतो. राष्ट्रगीताला उभं राहण्याची अपेक्षा आपल्याकडे सरकारी आदेशात लिहिलेली आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन मुलांची बाजू घेतली, पण ती मुलं राष्ट्रगीत म्हणत नव्हती, आदराने उभी मात्र राहायची. त्या निकालाचा आधार बसणाऱ्याला किंवा गुडघा टेकणाऱ्याला सहज मिळेल असं नाही. शिवाय एकदा राष्ट्रगीताचा अपमान हा शब्द निघाला असता की रेलिंगवरच्या पोट्ट्यांबद्दल कोणीच बोललं नसतं. अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने २०१६ मध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून निषेध केला होता. नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलल्यावर त्याने गुडघा टेकायला सुरुवात केली. तरीही चर्चा पोलिसी अत्याचाराकडून राष्ट्रध्वजाकडे सरकली ती सरकलीच, आणि २०१६ च्या मोसमानंतर तो एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये पुन्हा खेळला नाही.

मग ठरलं असं: राष्ट्रगीत होऊ द्यायचं, हस्तांदोलन होऊ द्यायचं, आणि किक-ऑफच्या शिट्टीआधी काही सेकंद गुडघा टेकायचा. ज्यांना नको त्यांनी उभं राहायचं. हे शेवटचं कोचने घातलं. त्या टी-ट्वेंटी विश्वचषकातच दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सगळ्यांना गुडघा टेकण्याचं फर्मान काढलं आणि क्विंटन डी कॉक सामन्यातून बाहेर बसला; दोन दिवसांनी त्याला माफीचं निवेदन काढावं लागलं. ‘जबरदस्तीचा गुडघा म्हणजे पीटीची कवायत,’ असं कोच म्हणाले. आपल्या संघात दोघी उभ्या राहिल्या. एकीच्या घरच्यांना भीती होती, दुसरीचं म्हणणं होतं की ती फक्त देवापुढे गुडघे टेकते. दोघींवर कोणी डोळे वटारले नाहीत, याचं श्रेय कर्णधाराला.

तिला विचारलं तेव्हा

बैठक संपल्यावर गोलकीपर म्हणाली, तिला कोणी विचारलं का? मग मॅडम आणि कर्णधार होस्टेलवर गेल्या. विंगरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘घुटना टेकना है तो टेको, मैं भी टेकूंगी. पर मेरे को लेफ्ट में ही खेलना है. दोनों हाफ.’

मॅडमनी हे समितीसमोर सांगितलं तेव्हा त्या स्वतःही जरा थांबल्या. दोन दिवस सगळे निषेधाचं रूप ठरवत होते: कधी, कसा, किती सेकंद. जिच्यासाठी चाललं होतं तिला हवी होती तिची जागा, आणि तिथे खेळता येईल एवढी व्यवस्था.

त्यावरून त्याच रात्री एक पत्र तयार झालं. मागण्या तीनच. रेलिंगवर मंडळाचे स्वयंसेवक उभे करा. सेमीफायनलमधल्या शेऱ्यांची नोंद सामन्याच्या अहवालात घ्या. आणि फायनलच्या रेफरींना फिफाच्या तीन टप्प्यांच्या पद्धतीची आठवण द्या. वांशिक शेरेबाजी झाली तर आधी सामना थांबवून घोषणा, तरी चालू राहिली तर संघ काही वेळ बाहेर, आणि तरीही थांबली नाही तर सामना रद्द, अशी ती पद्धत. मे २०२४ पासून त्यात खेळाडूसाठी एक खूणही आली आहे: दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरायची, की रेफरीने समजायचं. ही माहिती गोलकीपरने मोबाइलवर शोधून काढली. म्हणजे मंडळ ज्याला प्रदर्शन म्हणून बाद ठरवत होतं त्याच्याच जातकुळीचा एक हावभाव फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेने अधिकृत करून ठेवला होता.

फायनल

पत्र सकाळी दिलं. स्वयंसेवकांची मागणी मान्य झाली, अहवालाची नाही. फायनलचे रेफरी वेगळे होते. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘हे आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय.’ गुडघ्याबद्दल सचिवांनी पुन्हा बजावलं.

राष्ट्रगीत झालं, हस्तांदोलन झालं, मुलींनी गुडघे टेकले. समोरच्या संघातल्या तिघी बघून बघून खाली बसल्या, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तेवढ्यात माइकवरच्या निवेदकाचा आवाज घुमला: ‘सामन्यापूर्वी खेळाडू मैदानाला वंदन करीत आहेत, जोरदार टाळ्या!’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. निवेदकाने मुद्दाम केलं की त्याला खरंच तसं वाटलं, हे समितीला कळलं नाही. आपल्याकडे मैदानाच्या पाया पडून आत जाणारे खेळाडू पावलोपावली दिसतात, त्यामुळे त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करवत नाही. पण ज्या कृतीसाठी संघ बाद होण्याची जोखीम घेतली ती बहुतेक प्रेक्षकांपर्यंत वंदन म्हणून पोचली.

दुसऱ्या हाफमध्ये विंगर लेफ्टला, रेलिंगजवळ. बराच वेळ शांतता होती. मग एक आवाज आला, तोच शब्द. ती धावताना थांबली, रेफरीकडे वळली आणि मनगटं आडवी धरली. रेफरीने शिट्टी मारली. बॉल मधोमध पडून होता, बावीस जणी उभ्या, आणि निवेदकाला कागदावर लिहून दिलेली घोषणा वाचावी लागली: वांशिक शेरेबाजी थांबली नाही तर सामना रद्द होईल. या वेळी वंदन म्हणायला जागा नव्हती. स्वयंसेवकांनी एका पोराला बाहेर नेलं. खेळ पुन्हा सुरू झाला. आपला संघ २-१ ने हरला.

पुढे काय झालं

तिसऱ्या दिवशी मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली: प्रदर्शन केल्याबद्दल संघावर एक वर्षाची बंदी का घालू नये. गंमत म्हणजे तिच्यावरची तारीख फायनलच्या आदल्या दिवसाची होती. प्राचार्यांनी समिती नेमली ती खरं तर संघाची चूक किती, हे ठरवायला. समितीने लिहिलं ते थोडक्यात असं: किक-ऑफआधीची काही सेकंदांची मूक कृती, ज्यामुळे सामना उशिरा सुरू झाला नाही, कोणाचं नाव घेतलं गेलं नाही, कोणाला सक्ती झाली नाही, ती घटनेतल्या अभिव्यक्तीच्या हक्काच्या भावनेला धरून आहे. खासगी मंडळाला स्वतःचे नियम करता येतात हे खरं. तरी शेरेबाजीवर मौन आणि तिच्या निषेधावर बंदी अशी नियमावली कॉलेजने निमूट मान्य करू नये. कॉलेजने तसं उत्तर पाठवलं. मंडळाने बंदी सोडून दिली आणि ‘समज’ दिली.

बाहेर नेलेल्या पोराच्या कॉलेजने त्याच्याकडून माफीचं पत्र घेतलं. विंगरने पोलिस तक्रार केली नाही. हक्क आहे हे तोवर तिला नीट समजावून सांगितलं होतं. साक्षीसाठी पुढची कित्येक वर्षं नागपूरला यावं लागेल, हा तिचा हिशोब होता. तो हिशोब तिचा. प्राचार्यांच्या टिपणात मात्र ‘विद्यार्थिनीची कोणतीही तक्रार नाही’ असं वाक्य आलं होतं, ते आम्ही काढायला लावलं.

सेमीफायनलचं पिवळं कार्ड आणि तो अहवाल तसाच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लाइन्समनने तेव्हाच रेफरीला हाक मारायला हवी होती. यावर दुमत नाही, पुढे जाऊ.

कोचने तिला हलवण्याआधी एकदा विचारायला हवं होतं, ‘इथेच खेळशील का?’ ती नको म्हणाली असती तर हलवणं हे संरक्षण ठरलं असतं. न विचारता हलवल्यामुळे तिला ती शिक्षा वाटली. ऑगस्ट २०२१ मध्ये हॉकीपटू वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या, तेव्हा ती ऑलिम्पिकसाठी टोकियोत होती आणि दोनच दिवसांनी पुढचा सामना खेळली. अशा वेळी खेळाडूला काय हवं असतं हे बाकीच्यांनी गृहीत धरू नये.

मंडळाला आधी सांगण्याच्या निर्णयावर समितीत मतभेद झाला. एका सदस्यांचं म्हणणं, परवानगी मागितली म्हणूनच नकार आला. मला तसं वाटत नाही. आधी सांगितलं म्हणूनच तीन मागण्यांचं पत्र देता आलं आणि रेफरी तयारीत राहिले. चुकलं ते इतकंच की पहिल्या फोनमध्ये फक्त गुडघ्याचा विषय निघाला, शेऱ्यांची तक्रार नाही. सचिवांपुढे आधी घटना यायला हवी होती, लेखी, वेळ आणि शब्दांसकट.

कृतीचा अर्थ सांगण्याची जबाबदारीही कोणावर सोपवली नव्हती. दोन ओळींचं निवेदन निवेदकाच्या हातात दिलं असतं, किंवा प्रेक्षकांत वाटलं असतं, तर वंदनाचा घोटाळा झाला नसता. निवेदक ते वाचायला नाही म्हणाला असता, तर तेही नोंदवता आलं असतं.

विंगर आता तिसऱ्या वर्षाला आहे, लेफ्टलाच खेळते. गोलकीपर पुढच्या मोसमाच्या शिबिराला आली नाही. कारण तिने कोणाला सांगितलेलं नाही. मंडळाच्या नव्या नियमावलीत त्या कलमाला एक ओळ जोडली आहे: किक-ऑफपूर्वीच्या मूक कृतीसाठी चोवीस तास आधी लेखी सूचना द्यावी. प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दलचं कलमही आलं आहे, पण ते मोडल्यास काय, ती जागा रिकामी आहे.